दान द्यायचं हरिण: रानापासून फूड बँकेपर्यंत

तुमचा प्रश्न वाचला. पेनसिल्व्हेनियात नोकरी, ऑफिसातल्या मित्रांबरोबर काढलेला शिकारीचा परवाना, घरात मांस खाणारे तुम्ही एकटे आणि बायको शाकाहारी. एक हरिण तुमच्या फ्रीझरला पुरून उरतं, म्हणून दुसरं गरजूंसाठी द्यायचं मनात आहे. हे कायदेशीर आहे का, असं मांस दुसऱ्याला खायला देणं सुरक्षित आहे का, आणि यवतमाळकडे शेती करणारा तुमचा मावसभाऊ विचारतो तसं आपल्याकडे रोही (नीलगाय)-रानडुकरांच्या बाबतीत असं का होत नाही, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी पशुवैद्य. परळच्या महाविद्यालयात शिकलो, मांस तपासणीचं काम केलं आणि आता बरीच वर्षं पेनसिल्व्हेनियातच फूड बँकेकडे, म्हणजे गरजूंसाठी दानाचं अन्न गोळा करणाऱ्या संस्थेकडे, दानात येणाऱ्या हरणांचं काम बघतो. त्यामुळे उत्तर लांबेल, पण वापरता येईल असं देतो.

कायदेशीर आहे, आणि चांगलं रुळलेलंही आहे. व्हर्जिनियात १९९१ साली ‘हंटर्स फॉर द हंग्री’ सुरू झालं. त्याच वर्षी आपल्या पेनसिल्व्हेनियात ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ सुरू झालं. मिझुरीत १९९२ला, मेरीलँडमध्ये १९९७ला अशीच कामं उभी राहिली आणि आज बहुतेक राज्यांत काही ना काही व्यवस्था आहे. पद्धत सगळीकडे साधारण एकच. शिकारी हरिण मारतो, योजनेत नोंदलेल्या खाटकाकडे नेऊन देतो, खाटीक ते सोलून, कापून, खिमा करून गोठवतो, फूड बँक ते उचलते आणि गावोगावच्या पॅन्ट्रीत, म्हणजे गरजूंना अन्न वाटणाऱ्या केंद्रांत, पोचवते. खाटकाची मजुरी योजना भरते. तुम्हाला काही द्यावं लागत नाही.

हे मांस विकत का देत नाहीत, असा प्रश्न नवीन माणसाला पडतोच. एकोणिसाव्या शतकात इथे बाजारासाठी शिकार चालायची. हरणांची मुंडकी छाटून धडं रेल्वेने शहरात जायची. १९०० सालापर्यंत पांढऱ्या शेपटीचं हरिण देशाच्या मोठ्या भागातून जवळजवळ संपलं होतं. त्याच साली बेकायदा शिकारीचा राज्याराज्यांतला व्यापार रोखणारा लेसी कायदा आला, राज्यांनी रानातल्या शिकारीच्या मांसाची विक्री बंद केली, आणि ती आजही बंद आहे. हॉटेलात मिळतं ते हरणाचं मांस पाळीव हरणांचं असतं, बरंचसं न्यूझीलंडहून येतं. तुम्ही मारलेलं हरिण तुम्ही खाऊ शकता, कुणाला देऊ शकता, विकू मात्र शकत नाही. दानाच्या पाकिटांवर ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेलं असतं ते त्यामुळेच.

विक्री थांबल्यावर आणि लांडगे, कूगर आधीच संपल्यामुळे हरणं अशी वाढली की आज देशभरात अंदाजे तीन कोटी आहेत. मका आणि सोयाबीन खातात, जंगलातली कोवळी रोपं खुडतात, त्यामुळे ओकचं रान नव्याने उगवतच नाही. रस्त्यावर गाडीपुढे येतात ते वेगळंच, त्यात पेनसिल्व्हेनियाचा नंबर नेहमी वर असतो. म्हणून गेम कमिशन, म्हणजे राज्याचं शिकार आणि वन्यजीव खातं, माद्यांचे वेगळे परवाने देतं. कळप आटोक्यात ठेवायचा तर मादी मारावी लागते, शिंगाळा नर मारून उपयोग नाही. एका घराला एक हरिण पुरतं, कळपाला त्याहून जास्त कमी व्हावं लागतं. दानाची कल्पना या फटीत बसते.

पेनसिल्व्हेनियात दर हंगामात चार लाखांच्या आसपास हरणं मारली जातात आणि त्यातली काही हजारच दानात येतात. लोकांना वाटतं शिकाऱ्यांचं मन मोठं नाही. माझा अनुभव तसा नाही. देणारे पुष्कळ आहेत. अडतं ते खाटकापाशी आणि फ्रीझरपाशी. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर रायफलचा हंगाम उघडतो तेव्हा दोन आठवड्यांत सगळं राज्य एकदम शिकारीला बाहेर पडतं. गावातला खाटीक म्हणजे एक कुटुंब, मागच्या अंगणातली शेड, एक थंड खोली आणि तीन-चार हात. त्याच्याकडे पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांचीच रांग असते, सॉसेज आणि जर्की (सुकवलेलं मांस) करून घेणाऱ्यांची. दानाच्या हरणाला योजना ठरलेला दर देते आणि तो बहुतेक वेळा बाजारभावापेक्षा कमी असतो. तरीही हे लोक दानाची हरणं घेतात. मला या सगळ्या साखळीत सर्वात जास्त आदर त्यांच्याबद्दल आहे. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की शिकारीला जाण्याच्या आधी खाटकाला फोन करा. तो योजनेत नोंदलेला आहे का, त्या आठवड्यात दानाचं हरिण घेईल का, पूर्ण हरिणच हवं की पाठीच्या मऊ मांसाची पट्टी तुम्ही ठेवून घेतलेली चालेल, हे आधी विचारा. हरिण गाडीत टाकून दारात उभं राहून विचारू नका.

आता रानात काय करायचं ते. गोळी लागल्यावर अर्ध्या तासाच्या आत पोट उघडून आतडी काढा. काढताना आतडं, मूत्राशय फुटू देऊ नका. हरणाच्या शेणात माणसाला आजारी पाडणारे जंतू असू शकतात, अगदी गायीत सापडणारा घातक ई-कोलायसुद्धा. पोटातली घाण मांसाला लागली असेल तर तेवढा भाग कापून टाका, नुसतं धुऊन भागत नाही. कानाला परवान्याबरोबरचा टॅग (नोंदीची चिठ्ठी) लावल्याशिवाय हरिण हलवू नका आणि शिकारीची नोंद दहा दिवसांत करा. टॅग नसलेलं हरिण दानात कुणी घेत नाही. डिसेंबरात थंडी आपोआप काम करते, पण ऑक्टोबरात धनुष्यबाणाच्या हंगामात दुपार उबदार असते. तेव्हा बर्फाच्या पिशव्या छातीच्या पोकळीत भरा आणि त्याच दिवशी खाटकाकडे पोचा. ट्रकच्या मागे दोन दिवस मित्रांना दाखवत हिंडवलेलं हरिण मी स्वतः परत पाठवलेलं आहे, आणि पुन्हा पाठवीन.

चांगला खाटीक काय करतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला बघताना कळेल. तो आधी मांडीत, हाडालगत थर्मामीटर खुपसतो. आतलं तापमान उतरलेलं नसेल तर भुवया वर जातात. मग तो मांडीच्या सांध्यापाशी वाकून वास घेतो, कारण मांस कुजायला लागतं ते आधी तिथेच. कातडं काढताना केस मांसावर पडू नयेत म्हणून सुरीची धार कातड्याकडे ठेवतो. हरणाची चरबी मेणासारखी असते, तोंडात चिकटते आणि तिला उग्र वास असतो, म्हणून ती सगळी खरवडतो. पांढरा पापुद्राही काढतो. गोळी लागलेली बाजू तो सगळ्यात शेवटी घेतो. काळंनिळं झालेलं मांस हाताच्या पंज्याएवढं कापत जातो, आणखी कापतो, आणि ते खिम्याच्या पाटीत न टाकता सरळ कचऱ्यात टाकतो. आतडी काढलेली शंभर पौंडांची मादी असेल तर या सगळ्यातून चाळीस ते पन्नास पौंड मांस उरतं. एका ताटाला पाव पौंड धरलं तर एका हरणात एकशे साठ ते दोनशे जेवणं होतात.

ती कचऱ्यात जाणारी काळीनिळी बाजू हा तुमच्या सुरक्षिततेच्या प्रश्नाचा गाभा आहे. लोक रोगाबद्दल घाबरतात, मला शिशाची जास्त काळजी वाटते. रायफलची नेहमीची गोळी शिशाची असते, वर तांब्याचं कवच. शरीरात शिरताच ती फुलते आणि तिचे बारीक बारीक कण उडतात, काही डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. २००८ साली नॉर्थ डकोटात एका डॉक्टरने पॅन्ट्रीत दान आलेल्या हरणाच्या खिम्याची शंभराच्या आसपास पाकिटं एक्स-रे आणि सीटी स्कॅनखाली घातली. निम्म्याहून जास्त पाकिटांत धातूचे कण निघाले. राज्याच्या आरोग्य खात्याने पॅन्ट्रींना तो खिमा फेकायला सांगितला. मिनेसोटानेही वाटप थांबवून तपासणी केली. नंतर नॉर्थ डकोटातल्या ७३८ लोकांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं थोडं जास्त निघालं. फरक लहान होता, डेसीलिटरमागे ०.३ मायक्रोग्रॅम, आणि कुणाचीही पातळी त्या वेळच्या धोक्याच्या रेषेच्या वर गेलेली नव्हती. पण लहान मुलांच्या आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि पॅन्ट्रीच्या रांगेत मुलंबाळं असलेलीच घरं जास्त असतात.

मिनेसोटाने त्याच वर्षी मेंढ्यांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून बघितलं. कण जखमेपासून फूटभर लांबपर्यंत गेलेले सापडले. मांस धुतल्याने ते पूर्ण निघाले नाहीत, उलट पाण्याबरोबर इतरत्र पसरले. अख्ख्या तुकड्यात एखादा कण असला तर तो एकाच ताटात जातो. खिमा केला की यंत्र तो कण दहा पाकिटांत वाटून देतं. आणि दानाचं मांस जवळजवळ सगळं खिमाच असतं, कारण खिमा वाटायला सोपा, शिजवायला सोपा.

यावर उपाय आहे आणि तो तुमच्या हातात आहे. तांब्याची गोळी वापरा. ती फुटत नाही, पाकळ्यांसारखी उमलते आणि बहुतेक अखंड राहते. डब्यामागे थोडे डॉलर जास्त पडतात, पण वर्षाला तुम्ही झाडणार किती गोळ्या? खांद्याच्या मागे, फुप्फुसांवर नेम धरा. खांद्यातून किंवा मांडीतून गेलेली गोळी हाड फोडते आणि मांस नासवते. शिशाची गोळी वापरलीच असेल तर खाटकाला तसं सांगा आणि जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने टाकायला सांगा. दोनऐवजी पाच पौंड गेले तरी चालतील. मिनेसोटात दानाचं मांस एक्स-रे करूनच पुढे जातं. सगळीकडे तशी सोय नाही, म्हणून रानातली आणि खाटकाच्या टेबलावरची काळजी इथे जास्त महत्त्वाची. बाणाने मारलेल्या हरणात हा प्रश्नच येत नाही.

यात माझं मत ठाम आहे. काही शिकारी म्हणतात, आम्ही पिढ्यान् पिढ्या खातोय, आम्हाला काही झालं नाही. तुम्ही खाता ते तुम्ही ठरवलेलं असतं. पॅन्ट्रीतून पाकीट नेणाऱ्या बाईला गोळी कोणती होती, हरिण किती वेळ उन्हात पडलं होतं, यातलं काही माहीत नसतं आणि विचारायची सोयही नसते. म्हणून दानाच्या मांसाला आपल्या घरच्या मांसापेक्षा कडक नियम हवेत. १९९६च्या गुड समॅरिटन कायद्याने सद्हेतूने अन्न देणाऱ्याला दाव्यांपासून संरक्षण दिलंय. त्याचा अर्थ हात सैल सोडायचा असा कुणी काढू नये.

आता रोगाबद्दल. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, शिकारी त्याला नुसतं सीडब्ल्यूडी म्हणतात. हा हरणांच्या मेंदूचा रोग, मॅड काऊच्या घराण्यातला. १९६७ साली कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रात पहिल्यांदा दिसला, पेनसिल्व्हेनियात २०१२ साली पोचला, आधी पाळीव हरणात आणि मग रानात. तो प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो आणि ते प्रथिन शिजवून मरत नाही. माणसाला हा रोग झाल्याचं एकही उदाहरण अजून समोर आलेलं नाही. तरीही रोग निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नये, असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे आणि तो पाळायचा. तुमची शिकारीची जागा रोगनियंत्रण क्षेत्रात येते का ते गेम कमिशनच्या नकाशावर बघा. येत असेल तर डोकं आणि कणा त्या क्षेत्राबाहेर न्यायचे नाहीत. डोकी टाकायला जागोजागी पेट्या ठेवलेल्या आहेत, तपासणी फुकट होते. दानात दिलेलं त्या भागातलं हरिण तपासणीचा निकाल येईपर्यंत वाटलं जात नाही. यात वेळ जातो, फ्रीझरची जागा अडते, पण दुसरा मार्ग नाही. हरिण हडकुळं असेल, लाळ गळत असेल, माणसाला न घाबरता भेलकांडत चालत असेल, तर त्याला हात लावू नका, कमिशनला फोन करा.

पॅन्ट्रीच्या टोकाला काय होतं ते तुम्हाला कदाचित माहीत नसेल. फूड बँकेत डबाबंद भाज्या, पास्ता, पीनट बटर बऱ्यापैकी येतं. ताजं किंवा गोठवलेलं मांस सगळ्यात कमी येतं, कारण ते सगळ्यात महाग. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या हिशोबाने २०२३ साली देशातल्या १३.५ टक्के घरांना वर्षात कधी ना कधी पुरेसं अन्न मिळेल याची खात्री नव्हती. हरणाच्या मांसात शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं, चरबी दोन-तीन ग्रॅम आणि लोह भरपूर. ज्या घरात मधुमेह आणि रक्तदाब आहे त्यांना हे मांस चांगलं.

हॅरिसबर्ग आणि पिट्सबर्गकडे भूतानमधून आलेली नेपाळी निर्वासित कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यातले बहुतेक हिंदू, गोमांस खात नाहीत. पॅन्ट्रीत गोमांसाचा खिमा आला की ते पाकीट हळूच परत ठेवतात. हरणाचा खिमा त्यातले बरेचजण आनंदाने नेतात. एका आजींनी मला भांड्यात आलं-लसूण किती आणि मेथीदाणा कधी टाकायचा हे पॅन्ट्रीच्या दारात उभं राहून नेपाळी-हिंदीत समजावून सांगितलं होतं. पण म्हणूनच पाकिटावर नेमकं काय आहे ते लिहिलेलं असायला हवं. काही खाटीक हरणाच्या सुक्या खिम्यात डुकराची किंवा गायीची चरबी मिसळतात. स्वतःच्या गिऱ्हाइकाला विचारून मिसळली तर हरकत नाही. दानाच्या खिम्यात काहीही मिसळू नये, असं मी प्रत्येक खाटकाला सांगतो, आणि मुसलमान कुटुंबांना शिकारीची आणि कापण्याची पद्धत विचारली तर खरं ते सांगावं, असं पॅन्ट्रीवाल्यांना सांगतो.

शिजवण्याबद्दल आपल्या लोकांसाठी थोडं. खिम्यात चरबी नसल्याने तो लवकर कोरडा होतो. तेल नेहमीपेक्षा जास्त घ्या, कांदा भरपूर परता, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअसपर्यंत गेलंच पाहिजे, अर्धा कच्चा खिमा नको. आणि शिशाच्या गोळीने मारलेलं हरिण असेल तर दही, लिंबू किंवा व्हिनेगर लावून मुरवत ठेवायची आपली सवय तेवढी टाळा. आंबटपणात शिसं विरघळतं.

तुमच्या मावसभावाचा प्रश्न उरला. त्याची तगमग मला कळते. रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभरा झोपवतो आणि रानडुकरं भुईमूग उकरून काढतात, हे मी लहानपणापासून बघितलंय. पण अमेरिकेतली ही व्यवस्था उचलून तिकडे ठेवता येणार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि शिकार जवळजवळ पूर्ण बंद झाली. पिकांचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना मारायची परवानगी अधिकारी देऊ शकतात, पण मेलेला वन्य प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. त्याचं मांस खाणं, वाटणं, विकणं हा गुन्हा आहे. काळवीट, चिंकारा यांना तर कायद्याचं सर्वात वरचं संरक्षण आहे. माझ्या मते हे बदलू नये. इथे हरणं तीन कोटी आहेत, त्यांच्या संख्येचा अंदाज दरवर्षी घेतला जातो, परवाने कळपाच्या हिशोबाने सुटतात, आणि बंदुका-काडतुसांवरचा दहा-अकरा टक्के कर १९३७च्या कायद्यामुळे वन्यजीव खात्यांकडे जातो. एवढी सगळी व्यवस्था नसताना मांस खायची मोकळीक दिली, तर नुकसान करणारं रानडुक्कर आणि नुकसान न करणारं चितळ यात फरक कोण करणार? भुकेल्याच्या नावाने मांसाचा बाजार उभा राहायला वेळ लागणार नाही. भावाला सांगा, नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यायचा आणि पंचनामा करून घ्यायचा. भरपाई पुरेशी नसते, उशिरा येते, हे खरं आहे. भांडायचं ते तिथे.

बायको शाकाहारी आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हेही सांगतो. घरात मांस शिजवायचंच नसेल तर पहिलं हरिणसुद्धा पूर्ण दानात देता येतं, दोन हवीत असं नाही. आणि यंदा एकही मिळालं नाही, तर परवाना काढताना त्याच पानावर योजनेसाठी देणगी द्यायचा पर्याय येतो. शंभर डॉलरच्या आसपास रक्कम म्हणजे दुसऱ्या कुणीतरी दिलेल्या एका हरणाची मजुरी. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात खाटकाच्या थंड खोलीत हरणं टांगलेली असतात आणि योजनेचे पैसे संपत आलेले असतात, तेव्हा त्याच रकमेची सगळ्यात जास्त गरज असते.